विश्वासू माणूस पाहिजे (पगार नाही)

आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले एक जण दिवाळीनंतर गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, सगळे म्हणाले सोनं झालं हो माणसाचं. सोनं कसलं, त्यांच्या मुलाचा पार भुगा झाला. बँकेत नॉमिनी म्हणून त्यांच्याच आईचं नाव, ती बिचारी कधीच गेलेली, लॉकरची चावी देवघरात सापडली पण लॉकर कुठल्या बँकेत ते काही सापडेना, आणि हा मुलगा रजा काढून चावी हातात घेऊन नाशिकरोडभर फिरतोय, त्यात कुंभाच्या कामांनी रस्ते सगळे उकरलेले.

तेराव्याहून घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमचं काय काय कुठे आहे ते मला तरी माहितीये का?"

मी म्हटलं, "कपाटात आहे सगळं."

"कपाटात तर उंदराचं औषधही आहे."

तर ठरलं, मृत्युपत्र करायचं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी वकील आहे, सीबीएस बसस्टँडजवळ दोन जिने चढून ऑफिस. (मृत्युपत्र करणाऱ्या वकिलाने ऑफिस दुसऱ्या मजल्यावर का घ्यावं हा प्रश्न मी धाप लागल्यामुळे विचारला नाही.) मी आपला मोठ्या रुबाबात म्हणालो, स्टॅम्प पेपर कितीचा आणू? ती म्हणाली, "काका, मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतच नाही. साधा कागद चालतो."

आता मला काय वाटलं असेल बघा. मी तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये काढली. देशभरातले स्टॅम्प पेपर आमच्याकडे छापले, गठ्ठेच्या गठ्ठे या डोळ्यांसमोरून गेले, आणि आयुष्यातल्या शेवटच्या कागदाला तोच नको! साधा कागद, त्यावर माझी सही, ती मला करताना पाहिलेले दोन साक्षीदार आणि त्यांच्या सह्या, बास. १९२५ चा कायदा आहे म्हणे. रजिस्टर करणंसुद्धा सक्तीचं नाही, "पण करून टाका काका, नंतर कोणी उठून ही सही बाबांची नाहीच म्हणायला जरा जड जातं."

कोणाला काय द्यायचं ते दहा मिनिटांत संपलं, आहेच काय. जेलरोडचा फ्लॅट, थोड्या एफडी, थोडे म्युच्युअल फंड, आणि निफाडकडे वडिलोपार्जित द्राक्षाची जमीन, जिच्या सातबाऱ्यावर तेरा नावं आहेत आणि त्यातली पाच मंडळी केव्हाच फोटोत गेलीयेत. तिथे मी फक्त माझ्या वाटणीचं बोलू शकतो असं तिने सांगितलं. माझी वाटणी म्हणजे बहुतेक विहिरीचा कठडा.

मी म्हटलं फंडांना सगळीकडे बायको नॉमिनी आहे, मग मिटलं ना? तर नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेणारा फक्त, पुढे ते मृत्युपत्राप्रमाणे नाहीतर वारसा कायद्याप्रमाणे ज्याचे त्याला द्यायचे. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा हेच, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार-चार नॉमिनी लावता येतात, ठेवींना टक्के पाडून, लॉकरला मात्र एकापाठोपाठ एक. मला तर एक नाव लिहिताना घाम फुटतो, हे चार म्हणतात.

आणि मग ती म्हणाली, "आता एक्झिक्युटर कोण ते सांगा."

इथून पुढे माझी झोप गेली. एक्झिक्युटर म्हणजे मी गेल्यावर माझी देणी फेडणारा, बँका फिरणारा, ज्याचं त्याला पोचवणारा माणूस. विश्वासू पाहिजे, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि तब्येतीने ठणठणीत पाहिजे, भांडणं सहन करणारा पाहिजे, आणि पगार काही नाही. शिवाय एक राखीव. हे मला सांगताय, जिथे रोज सुटताना गेटवर झडती व्हायची आणि वाया गेलेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागायचा तिथल्या माणसाला! तेहतीस वर्षं मला एकच शिकवलंय, कोणावर विश्वास ठेवू नका, मोजा.

तर मी मोजायला बसलो. पहिलं नाव धाकट्या भावाचं. हिशोबाला एकदम चोख, पैचा इकडचा तिकडे होणार नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, माझी एफडी संध्याकाळपर्यंत खानदानाच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेले. मग प्रेसमधला माझा जिगरी. त्याला विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, मिठीच मारली, आणि मग लक्षात आलं की हा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे आणि त्याच्या छातीत तीन स्टेंट आहेत. आता त्याला नाही कसं म्हणायचं? अजून म्हटलेलं नाही. मेहुण्याला विचारलंच नव्हतं तरी तो आला, "भाऊजी, कशाला एवढा व्याप, मला मुखत्यारपत्र करून द्या, मी बघतो." वकीलबाईंना सांगितलं तर ती हसायलाच लागली. मुखत्यारपत्र आपण मेलो की मेलं, आणि डोकं कामातून गेलं तरीही संपलं, म्हणजे नेमकं जेव्हा गरज तेव्हाच नाही. मेहुण्यासारखंच.

तेवढ्यात तिने दुसरा कागद काढला. लिव्हिंग विल. म्हणजे आपण बेशुद्ध, बरं व्हायची आशा नाही, तेव्हा मशीनवर ठेवायचं की नाही ते आपण आधीच लिहून ठेवायचं आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं द्यायची. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जातंय, मग २०२३ मध्ये सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर. घरच्याने मान हलवली की लगेच नळ्या काढल्या असंही नाही, डॉक्टरांची दोन वेगवेगळी बोर्डं बसतात. पण घरच्याने बोलायचं तर असतंच.

गेल्यानंतरची काळजी नाशिककराला तशी नसते, लोक अस्थी घेऊन रामकुंडावर कुठून कुठून येतात, आपण सिटीलिंकच्या बसने जाऊ. प्रश्न जायच्या आधीच्या चार दिवसांचा.

आता माझी मुलगी. जीव लावते, पण तिच्या कपाटात तीन बंद पडलेले मोबाईल आहेत, "होईल चालू कधीतरी" म्हणून मऊ कापडात गुंडाळून ठेवलेले. अशा मुलीच्या हातात माझा व्हेंटिलेटर दिला तर मी पुढच्या सिंहस्थापर्यंत तिथेच. मुलगा बरोबर उलटा. मागच्या उन्हाळ्यात आमचा फ्रिज नुसता गुरगुरायला लागला, मेकॅनिक जिना चढेपर्यंत याने पुण्यातून नवा मागवून जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकला होता. मला साधा घोरायचा त्रास आहे हो.

बायको म्हणाल तर तिला "पुरे" हा शब्दच ऐकू येत नाही. पस्तीस वर्षं मी ताटावर आडवा हात धरतोय आणि ती बोटांच्या फटीतून आमटी सोडतेय.

शेवटी सगळ्यांनाच रविवारी मिसळीला नेलं, गावाबाहेर ते द्राक्षाच्या मळ्यात झोपाळेबिपाळे असतात तिथे. पापड मोडता मोडता मी विषय काढला. मुलीने लगेच डोळे पुसायला घेतले, रस्सा तिखट होता असं नंतर म्हणाली. मुलगा म्हणाला, बाबा, शीट बनवतो, सगळ्यांना ॲक्सेस देऊ. बायको म्हणाली खाताना अभद्र बोलू नका, आणि माझ्या ताटात तिसरा पाव ठेवला. वेटर तर्रीचं भांडं घेऊन आलाच होता. त्याच्याकडे न बघता, मुलाला भरवता भरवता आमची सून म्हणाली, "बाबांना नको दादा. पुरे त्यांना." वेटर गेला. खरंच गेला! आणि तेवढ्यात जावई, जो लग्नापासून आमच्याकडे एकूण चाळीसेक वाक्यं बोलला असेल, हळूच म्हणाला, "बाबा, डीमॅटचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय?" कुठेच नव्हता. मला आठवतही नव्हता.

माझी दोन्ही माणसं सापडली, पापड संपायच्या आत.

घरी आल्यावर जे झालं ते थोडक्यात सांगतो. "पस्तीस वर्षं पथ्यपाणी मी केलं, आणि नळ्या सुनेच्या हातात?" दोन दिवस आमटी अळणी. साक्षीदार म्हणून सोसायटीतली दोन तरुण पोरं नेली (म्हातारे साक्षीदार नकोत, कोर्टात वेळ आली तर तेही वर असायचे), त्यांना मजकूर वाचायची गरज नव्हती, मला सही करताना बघायचं फक्त, पण संध्याकाळी लिफ्टमध्ये एका बाईंनी बायकोला हळूच विचारलं, "काय निघालं हो त्यांना?" फॅमिली डॉक्टरांनी मनःस्थिती उत्तम असल्याचं सर्टिफिकेट दिलं. बायकोने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यांनी तुम्हाला गाडी पार्क करताना बघितलेलं नाही."

आणि मागच्या मंगळवारी तीच म्हणाली, चला, मला पण करायचंय. तिचे दागिने, तिच्या माहेरकडून आलेले पैसे, तिची पोस्टातली ठेव. दोन जिने चढलो. वकीलबाईंनी चहा मागवला, कागद पुढे ओढला, आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसाल का? काकूंना मोकळेपणी सांगू दे."

मी बायकोकडे बघितलं. ती पर्समधून चष्मा शोधत होती.

बाहेर बाकावर बसलो, खालून आणलेले शेंगदाणे खाल्ले. माझं दहा मिनिटांत झालं होतं. आतून पंचेचाळीस मिनिटं झाली तरी आवाज येत होता, मध्येच दोघी हसल्या, आणि मग वकीलबाईंचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं, "नाही काकू, नवऱ्याचं नाव टाकलंच पाहिजे असा काही नियम नाही."