एसओएस म्हणजे धोक्याचा इशारा नव्हे

गेल्या वर्षी आईचे गुडघे फार दुखायला लागले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. दोन गोळ्या रोजच्या होत्या. तिसरी वेदनाशामक, आणि तिच्यापुढे तीनच इंग्रजी अक्षरं होती: एसओएस. आईने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "हिचं काय गं?" मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "ही अगदीच सहन होईना तेव्हाची. एसओएस म्हणजे इमर्जन्सी." आईने ती पट्टी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

तीन आठवडे ती मध्यरात्री उठून बसायची, गुडघ्यांवरून हात फिरवत. गोळी घे म्हटलं की म्हणायची, "एवढं काही नाही गं, ती अगदी शेवटची आहे." पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा पट्टीतली एकही गोळी कमी झालेली नाही हे बघून डॉक्टर चकित झाले. "अहो आजी, दुखेल तेव्हा घ्यायची होती ही. म्हणून तर एसओएस लिहिलं!"

औषधाच्या चिठ्ठीवरचं एसओएस हे लॅटिनमधल्या 'सी ओपुस सिट'चं लघुरूप आहे. अर्थ एवढाच की गरज पडली तर. बुडत्या जहाजाच्या एसओएसशी त्याचा काही संबंध नाही. जहाजाचं एसओएस तर मुळात कशाचंच लघुरूप नाही. मोर्सच्या संकेतात तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं अशी सलग पाठवली की कितीही खरखरीत ओळखू येतात, म्हणून ती खूण निवडली गेली आणि १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली. 'सेव्ह अवर सोल्स' हे लोकांनी मागाहून चिकटवलं. हे सगळं मी त्या दिवशी घरी येऊन वाचलं. मला अर्थ माहीत नव्हता याचं वाईट वाटतंच. पण तो आपल्याला माहीत आहे अशी माझी पक्की खात्री होती आणि त्या खात्रीपायी आईने तीन आठवडे दुखणं काढलं, हे जास्त लागलं.

तेव्हापासून मी ही छोटी अक्षरं फार जपून वाचते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना. सगळं लॅटिन. आणि हेच ओडी डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं तर त्याचा अर्थ उजवा डोळा! अक्षरं तीच, चिठ्ठीही तशीच, आणि ती वाचणारा माणूस बहुतेक वेळा आजारी, घाबरलेला, चष्मा शोधणारा. बरं, चुका फक्त घरच्यांच्याच होतात असं नाही. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट'ऐवजी नुसतं इंग्रजी यू लिहिलं आणि ते जरा गोलसर आलं की शून्यासारखं दिसतं. दहा युनिटचे शंभर होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली जी लघुरूपं वापरू नका म्हणून यादी काढली, तिच्यात हे एकटं यू आहे. 'युनिट' असं पूर्ण लिहायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. तेवढे वाचवायचे आणि जोखीम समोरच्याच्या गळ्यात घालायची, हे मला मान्य नाही.

हेच ऑफिसच्या ईमेलमध्येही चालतं, फक्त तिथे जीव जात नाही, काम जातं. 'आय.ई.' आणि 'ई.जी.' ही जोडी घ्या. पहिलं 'इद एस्ट', म्हणजे 'म्हणजे'. दुसरं 'एक्सेम्प्ली ग्रॅटिया', म्हणजे 'उदाहरणार्थ'. "फोटो असलेलं ओळखपत्र आणा, आय.ई. पासपोर्ट" असं लिहिलं तर पासपोर्टच हवा. ई.जी. लिहिलं तर दुसरंही चालेल. एका अक्षरापायी माणसाला हेलपाटा पडतो. मराठी लिहिताना 'म्हणजे' आणि 'उदा.' यांत आपला कधी गोंधळ होत नाही, कारण ते शब्द आपण आतून ओळखतो. 'ता. क.' कुठे लिहायचं हे कुणी शिकवावं लागत नाही, पण 'पी.एस.' मात्र पत्राच्या मध्येच आलेलं मी पाहिलं आहे. दोन्हींचा अर्थ एकच: पत्र संपल्यावर आठवलेलं.

आणि रात्रीचे बारा! ए.एम. म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पी.एम. म्हणजे मध्यान्हानंतर. मग खुद्द मध्यान्ह कशात धरायची? रूढी अशी की दुपारचे बारा पी.एम. आणि मध्यरात्रीचे बारा ए.एम. त्यामुळे 'पंधरा तारखेला बारा ए.एम.पर्यंत अर्ज भरा' याचा अर्थ चौदा तारखेच्या रात्री मुदत संपली. पंधरा तारखेला दिवसभर निवांत राहिलेल्या मुलामुलींची यात काय चूक? मुदत लिहिणाऱ्याने 'चौदा तारखेच्या रात्री ११:५९' लिहावं, प्रश्नच मिटतो.

मी शुद्धतेचा हट्ट धरणारी नाही. 'ओके' हा शब्दच १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगमधून आला, आणि आज तो जगभर सगळ्यांना कळतो. मग तो बरोबरच. एलओएल म्हणजे 'लाफिंग आउट लाउड', मोठ्याने हसणं; पण ते 'लॉट्स ऑफ लव्ह' आहे असं ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनासुद्धा काही काळ वाटत होतं, हे २०१२च्या एका चौकशीतल्या साक्षीत पुढे आलं. त्यात काही बिघडलं नाही. पण तेच एलओएल कुणाच्या आई गेल्याच्या निरोपाखाली पडलं तर? आणि आरआयपीसुद्धा. ते 'रेस्ट इन पीस' आहे, मूळ लॅटिन 'रेक्विएस्कात इन पाचे'. अर्थ चांगलाच आहे, वापर चुकीचा नाही. तरी ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला तीन अक्षरं पाठवताना माझा हात आता थांबतो. मी नाव घेऊन दोन ओळी लिहिते.

विचारायची लाज वाटते, ही खरी अडचण. मीटिंगमध्ये कुणी 'ईओडीपर्यंत द्या' म्हटलं की सगळे माना डोलावतात. दिवसाअखेर म्हणजे कुणाच्या दिवसाअखेर? सहा वाजता की मध्यरात्री? मीही कित्येक वर्षं मान डोलावली. आता सरळ विचारते, "किती वाजेपर्यंत?" आणि बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाच थोडा विचार करावा लागतो.

आई माझ्या पुढे गेली आहे. परवा नव्या चिठ्ठीवर एचएस दिसल्यावर तिने ती उचललीच नाही, डॉक्टरांकडे परत सरकवली. "हे काय लिहिलंय ते मराठीत लिहा, म्हणजे माझं मी वाचेन." डॉक्टरांनी एक शब्दही न बोलता ते खोडलं आणि शेजारी लिहिलं: झोपताना.