लॅपटॉप 'बंदी'च्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"भारतात परदेशी लॅपटॉपवर बंदी आहे, अमेरिकेतल्या भावाने आणलेला लॅपटॉपपण एअरपोर्टवर जप्त होईल" असा मेसेज फिरतोय ना, तो चुकीचाय.

झालं काय होतं, 3 ऑगस्ट 2023 ला डीजीएफटीने (परदेशी व्यापाराचं काम बघणारं केंद्र सरकारचं कार्यालय) नोटिफिकेशन काढून लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन पीसी, सर्व्हर वगैरेंची आयात 'रिस्ट्रिक्टेड' केली, म्हणजे आयात करणाऱ्याला लायसन्स लागणार, बंदी नव्हे. आणि तेही लगेच लागू झालंच नाही, दुसऱ्याच दिवशी 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि मग ऑक्टोबरमधे कंपन्यांसाठी ऑनलाइन परवानगीची सिस्टीम आणली.

प्रवाशांच्या सामानाला तर त्या पहिल्या नोटिफिकेशनमधेच सूट होती. 18 वर्षं किंवा त्यावरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो, ही सवलत खूप जुनी आहे. ऑनलाइन किंवा कुरिअरने एक नग मागवला तरी लायसन्स नको, लागेल ती ड्युटी भरायची.

कॉम्प्युटर कुठून किती येणार हे परवानगीवर ठरणं मला अजिबात पटत नाही, शिकणाऱ्या पोरांना मशीन महाग पडायला नको, पण विरोध करायचाय तर जो नियम आहे त्याला करूया, आणि तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.