चार प्रेक्षकांसमोरची शैली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. गेम स्ट्रीमिंग, म्हणजे आपला खेळ लाइव्ह दाखवत बोलणं, नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्वतःची शैली घडवावी, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा सल्ला पोट भरलेल्यांचा आहे. नवख्याने चालतो तो गेम, म्हणजे बीजीएमआय (पबजी मोबाईल या लढाईच्या गेमची भारतीय आवृत्ती), खेळावा, हिंदीत बोलावं, पैसे साठवून दणकट पीसी घ्यावा. समोर चार माणसं असताना शैली दाखवायची कुणाला?

त्या चार माणसांनाच. का ते सांगते.

ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटवर कुठल्याही गाजलेल्या गेमचं पान उघडून चॅनेल प्रेक्षकसंख्येप्रमाणे लावून बघा. हजारो प्रेक्षकवाले वर, आणि तीन-चारवाले इतके खाली की तिथवर कुणाचं बोट पोचत नाही. गेम जितका लोकप्रिय, तितका नवखा माणूस खोल गाडला जातो. बीजीएमआय बघणारे अफाट आहेत, हे तुमचं खरं. पण त्यांचा आवडता स्ट्रीमर आधीच ठरलेला आहे. तुमच्याकडेही त्या गेममधला तोच एरांगलचा नकाशा, तेच पोचिंकी गाव असेल तर ते उठून तुमच्याकडे कशाला येतील?

शिवाय गेमच्या जिवावर जमवलेली गर्दी गेमबरोबरच जाते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून निघाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या मधल्या काळात ज्या स्ट्रीमरांचे प्रेक्षक माणसासाठी येत होते, ते व्हॅलोरंटसारख्या दुसऱ्या गेमकडे, जीटीएच्या रोलप्लेकडे (गेममध्ये एखादं पात्र बनून वावरण्याकडे) वळले आणि त्यांची मंडळी सोबत गेली. मुंबईच्या आदित्य सावंतचं, म्हणजे डायनॅमोचं, उदाहरण घ्या. ‘पट्ट से हेडशॉट’ हे त्याचं पालुपद कानावर पडलं की स्क्रीन न बघताही माणूस ओळखू येतो.

शैली म्हणजे तकियाकलाम, भडक ओव्हरले (स्क्रीनवरची सजावट), रंगीत दिवे असं मात्र मी मानत नाही. ती दिसते कंटाळवाण्या मिनिटांत. समजा तुम्ही एरांगलमधल्या सोस्नोव्हकाच्या बेटावर, मिलिटरी बेसमध्ये अडकला आहात आणि झोन, म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, पलीकडे पडलाय; बाहेर राहिलं तर मरण. गप्प राहून गाडी पुलाकडे काढलीत, तर नुकत्याच आलेल्या प्रेक्षकाला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येते आणि तो निघून जातो. तेच बोलून दाखवलंत – ‘पुलावर कुणीतरी दबा धरून बसलेलं असणारच. पोहत गेलो तर वेळ जाईल, होडी शोधत बसलो तर झोन मारेल. चला, पुलावरूनच जाऊ, पण मधल्या गाड्यांच्या आडोशाने’ – तर तो थांबतो. पुलावर कोण आहे, हे आता त्यालाही बघायचं असतं. नेम चुकला तरी चालेल, विचार ऐकू आला पाहिजे. चॅट रिकामं असतानाही असं बोलत राहायची सवय लागायला वेळ लागतो, म्हणून ती आधी लावायची.

आणि चारच जण असतात तेव्हाच एखाद्याला नावाने हाक मारून ‘काल पेपर होता ना, कसा गेला?’ असं विचारता येतं. चॅट धो धो वाहायला लागलं की ही सोय संपते. ट्विचने २०१७ मध्ये छोट्या स्ट्रीमरांना कमाई करू देणारी अॅफिलिएट योजना आणली तेव्हा तिच्या अटींत ५० फॉलोअर आणि सरासरी फक्त तीन प्रेक्षक होते. तीन! तेवढे लोक ठरल्या वेळी परत परत येत असतील तर पाया पडलाच की.

हिंदीबद्दल माझं भांडण नाही. तुमच्या तोंडी सहज हिंदी येत असेल तर हिंदीतच बोला, प्रेक्षक नक्कीच जास्त आहेत. पण घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने लाइव्हवर उसनं ‘भाई लोग’ आणलं, तर तासाभरात त्याची दमछाक होते. तीन तास सोंग टिकत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी आणि तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ. तो खेळताना आपल्या गावच्या नवरात्राबद्दल, आजीने सांगितलेल्या महिषासुराच्या गोष्टीबद्दल बोलणारा मराठी स्ट्रीमर मला हवा आहे. असा चॅनेल छोटा राहील कदाचित, पण त्याच्यासारखा दुसरा सापडणार नाही.

पीसीचं म्हणाल तर आधी माइक घ्या. पुष्कळजण मोबाईलवर बघतात, तिथे ७२०पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेचं चित्र, पुरतं. खरखरता आवाज मात्र कुणी सहन करत नाही. स्ट्रीम करायचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पंख्याची घरघर कमी करणारा नॉइज सप्रेशन फिल्टर त्यातच मिळतो.

तुम्ही स्वतः स्ट्रीम करता, असं प्रतिक्रियेवरून वाटलं. तसं असेल तर परवाचं रेकॉर्डिंग लावा, स्क्रीन झाका आणि अर्धा तास नुसतं ऐका. कुठे गप्प झालात, कुठे दुसऱ्याच कुणाचा आवाज काढलात, ते लिहून काढा. लिंक इथे टाकलीत तर मीही ऐकेन आणि मला काय वाटलं ते स्पष्ट लिहीन.