‘पहिले दहा आपलेच घ्या’ म्हणे!

नव्या उद्योजकांना देण्यात येणारा एक सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: पहिली दहा माणसं ओळखीतलीच घ्या, ती टिकतात. बाई घेतली की सहा महिने फुकट पगार. विविधता हे मोठ्या कंपन्यांचं चोचलं, आपण फक्त गुणवत्ता बघायची.

ओळखीतली माणसं टिकतात हे खरं, पण जातात तेव्हा एकगठ्ठा जातात. सगळे एकाच तालुक्यातले असले की गणपतीला आणि शिमग्याला सगळ्यांचे रजेचे अर्ज एकदमच टेबलावर. मामेभावाला काढलं की त्याने आणलेले दोघेही दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे भीड. ज्याने नोकरीला लावलं त्याच्या हिशेबातली चूक काढणार कोण? स्टॉकमधली तूट महिनोन्‌महिने दबून राहते ती अशीच. ओळखीतून घ्या, हरकत नाही. पण एका ओळखीतून दोनच. रोकड आणि स्टॉक एकाच घरातल्या दोघांकडे तर कधीच देऊ नका.

आता ‘फुकट पगार’. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती मिळायला आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. दुकान-ऑफिसला हे दहा माणसांपासून लागू होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, मात्र विचारातच घेतलेला नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली बाई ईएसआयमध्ये असेल तर रजेतले पैसे ईएसआय महामंडळ देतं. १८,००० पगारावर मालकाचा ३.२५ टक्के वाटा होतो ५८५ रुपये, आणि तो पुरुष कामगारासाठीही तेवढाच भरावा लागतो. गडबड होते ती नोंदणीत: आधीच्या दोन अंशदान काळांत (सहा-सहा महिन्यांच्या) किमान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याचा हप्ता, भरलेलं लागतं, म्हणून ‘पुढच्या महिन्यात करू’ चालत नाही. २१,०००च्या वर पगार असेल तर रजेचा भार खरोखर मालकावर येतो. ३०,००० पगाराला साधारण १,८०,००० रुपये. लहान धंद्याला ते जड आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण ही रजा काही महिने आधी कळते, बदली माणूस तयार करता येतो. मुख्य वेल्डर एका आठवड्याच्या नोटिशीवर सोडून जातो तेव्हा तेवढी सवड कुठे मिळते?

चोचल्याच्या मुद्द्यावर फॉरवर्डवाल्याचं अर्धं बरोबर आहे. ‘विविधता आली की नफा वाढतो’ हे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१५पासूनच्या अहवालांच्या आधारे सांगितलं जातं. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, आणि अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांवर इतर संशोधकांनी हेच तपासलं तेव्हा तसा संबंध सापडला नाही. नफ्याचं आमिष दाखवून कुणाला नोकरी द्यायला सांगू नये.

राहिली गुणवत्ता. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७चा अभ्यास बघा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या अर्जाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली. आपण गुणवत्ताच बघतो असं त्या मालकांनाही वाटतच असणार.

गुणवत्ता बघायचीच तर मोजा. अकाउंट्स सहायक हवा असेल तर बारा खरेदी बिलं आणि चाळीस मिनिटं द्या. एका बिलावरचा जीएसटी नंबर पंधराऐवजी चौदाच अंकी ठेवा. दुसऱ्यात पुरवठादाराचा नंबर २९ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचा. माल तिथून थेट पुण्यात आलेला, तरी आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या खरेदीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात खरेदीचा) लावलेला. कोण पकडतं ते बघा. गुण कशाला किती ते आधीच लिहून ठेवा, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी नंबर टाका आणि दोघांनी वेगवेगळं तपासा. मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न. ‘लग्न कधी?’ हा त्यातला नव्हे. आणि उमेदवार येण्याआधी संडासाची कडी नीट लागते का, तेवढं बघून घ्या.