बिलिटन कंपनी आणि बांका बेट : एक खुलासा

‘१८६० मध्ये स्थापन झालेल्या बिलिटन कंपनीला बांका आणि बेलितुंग या दोन्ही बेटांवरील कथिलाच्या खाणी मिळाल्या’ असे विधान सध्या अनेक ठिकाणी आढळते. ते अर्धेच खरे आहे. आजच्या इंडोनेशियात, सुमात्राच्या पूर्वेला असलेली ही बेटे शेजारची असली, आणि दोन्हींवर खाणकामाचा भार प्रामुख्याने चिनी मजुरांवर असला, तरी त्यांचा कारभार वेगळा होता. बांकातील खाणी एकोणिसाव्या शतकात डच वसाहत सरकार स्वतः चालवत असे. बेलितुंगमध्ये (‘बिलिटन’ हे याच नावाचे डच रूप) मात्र १८५१ मध्ये कथील सापडल्यावर पुढल्याच वर्षी नेदरलँड्सचे राजा तिसरे विलेम यांचे बंधू प्रिन्स हेन्ड्रिक आणि बॅरन व्हान तॉइल यांना खाणकामाचा परवाना देण्यात आला, आणि त्याच भागीदारीतून १८६० मध्ये कंपनी उभी राहिली. राजाच्या सख्ख्या भावाला मिळालेल्या या सवलतीला निव्वळ खासगी उद्योग म्हणणे जरा भाबडेपणाचे ठरेल. परंतु ती सरकारी खाण नव्हती, हेही तितकेच खरे.

बेलितुंगमध्ये सरकार प्रत्यक्ष भागीदार झाले ते १९२४ मध्ये, जेव्हा स्थापन झालेल्या संयुक्त कंपनीत पाच अष्टमांश हिस्सा सरकारकडे आणि उरलेला तीन अष्टमांश जुन्या कंपनीकडे राहिला. ऑस्ट्रेलियातील बीएचपी या खाणकंपनीशी बिलिटनचे विलीनीकरण तर थेट २००१ मधले आहे. त्यामुळे वसाहतकाळातील कारभार बीएचपीच्या नावावर मांडणेही चुकीचे आहे.