पासबुक भरलं म्हणे!

आज बँकेत पासबुक छापायला दिलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते, काका पासबुक भरलं, नवीन घ्यावं लागेल. भरलं म्हणे! कशानं भरलं तर पेन्शनच्या ओळीला वरपासून खालपर्यंत एकच आकडा, 1,972, 1,972, 1,972. 2012 ला साखर कारखान्यातून रिटायर झालो तेव्हापासून हा आकडा जागचा हलला नाय. गॅस वाढला, एसटीचं तिकीट वाढलं, माझी शुगर पण वाढली, हा मात्र ढिम्म.

आता कुणीतरी येऊन म्हणणारच की मिळतंय ना, मग गप घ्या. अरे बाबा आधी हिशोब तर ऐक. आमची पेन्शन ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन स्कीम, तिचा फॉर्म्युला म्हणजे पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पण पगार म्हणजे खरा पगार नव्हे हां, सरकारनं ठरवलेल्या मर्यादेतला, आणि आमच्या वेळी ती मर्यादा होती 6,500, त्यामुळं हातात दुप्पट पडत असले तरी कागदावर मी साडेसहा हजारवालाच. पीएफमधल्या मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के म्हणजे महिन्याला 541 रुपये पेन्शनला जायचे. बरं स्कीम सुरू झाली नोव्हेंबर 1995 ला, म्हणून फॉर्म्युल्यात वर्षं धरली तिथून पुढची, त्याआधी बॉयलरपुढं भाजून घेतलं त्याचं किरकोळ काहीतरी वरून चिकटवलं. झाले 1,972.

2014 ला मर्यादा 15,000 केली, तोवर आम्ही घरी. पण नंतरच्यांचं तरी काय सोनं झालं? आधी शेवटच्या 12 महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे ती 60 महिन्यांची केली, आणि 15,000 वर पस्तीस वर्षं घासली तरी पेन्शन साडेसात हजारच.

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते महागाई भत्त्यानं. आम्हाला तो नाहीच, शून्य. शेजारचे गुरुजी झेडपीचे, त्यांचा भत्ता वाढला की चहाला बोलावतात, जाऊन पितो मी, त्यांचा हेवा नाय, पण भाजीवाली आम्हा दोघांना एकाच भावानं भेंडी देते ना?

विचारलं की उत्तर ठरलेलं, फंडात तूट आहे. सरकार स्वतः घालतं 1.16 टक्के, ते पण त्या मर्यादेतल्याच पगारावर, मग तूट काय आमच्या खिशातून भरून निघणार? 2013 ला भगतसिंह कोश्यारींच्या संसदीय समितीनं सांगितलं होतं किमान 3,000 द्या, वर महागाई भत्ता द्या. दिले किती, तर 2014 ला किमान 1,000, आणि तिथंच घोडं अडलंय. तेच कोश्यारी पुढं आपल्याकडं राज्यपाल होऊन राजभवनात राहून पण गेले, रिपोर्ट आपला धूळ खात पडलेला. बुलढाण्यात म्हातारी माणसं 2018 पासून साखळी उपोषणाला बसली, सत्तरीच्या माणसानं उपोषण करायचं, काय थट्टा आहे का?

बँकेतून तसाच मेडिकलवर गेलो. दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल 1,640. म्हटलं पंधरा दिवसांच्याच दे रे. तो काही बोलला नाय, सवयीनं कात्री घेऊन पट्टी कापायला लागला.