मारियानो रिव्हेरा खरोखर ‘फक्त एका इनिंगचा पिचर’ होता का?

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा, म्हणून नापास झालेला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू); त्याला एकाच प्रकारचा चेंडू टाकता येत असे; तीन धावांची आघाडी हाती असताना तो एका इनिंगपुरता येई, तेही बलाढ्य संघाच्या जोरावर; मोक्याच्या सामन्यांत तो ढेपाळला; तेव्हा बेब रूथसारख्या महान खेळाडूलाही हॉल ऑफ फेमच्या मतदानात न मिळालेले एकमत २०१९ साली अशा खेळाडूच्या वाट्याला यावे, हा खेळाचा अपमान आहे. यातील काही विधाने अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच ती वाचणाऱ्याला पटतात. त्यांचा एकेक करून समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम ‘नापास स्टार्टर’ हा आक्षेप घेऊ. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो. स्टार्टर सुरुवात करतो आणि एकदा बदललेला पिचर त्या सामन्यात पिचिंगसाठी परत येऊ शकत नाही, म्हणून मागून रिलीफ पिचर येतात आणि शेवट सांभाळणारा तो क्लोजर. पनामातील प्वेर्तो काइमितो या मासेमारीच्या गावात वाढलेला रिव्हेरा १९९० साली यांकीजकडे आला, १९९२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि १९९५ साली त्याला पहिल्यांदा मुख्य संघात घेतले गेले. त्या मोसमात त्याने १० सामन्यांची सुरुवात केली आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी ५.५१ राहिली, हे खरे आहे. परंतु त्याच मोसमात ४ जुलैला शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध त्याने आठ इनिंगमध्ये एकही धाव न देता ११ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, हे त्या मजकुरात येत नाही. शस्त्रक्रियेतून सावरलेल्या नवख्या पिचरच्या १० सामन्यांवरून कायमचा निकाल लावायचा असेल, तर कित्येक मोठ्या पिचरांची कारकीर्द पहिल्याच वर्षी संपली असती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, क्लोजर जॉन वेटलँडच्या आधी येणारा पिचर म्हणून त्याने १०७ हून अधिक इनिंग टाकल्या, १३० स्ट्राइकआउट केले, संपूर्ण मोसमात केवळ एक होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) दिला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरे स्थान मिळवले. यांकीजने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. भूमिका बदलल्यावर माणसाची खरी ताकद कळणे याला अपयश म्हणणे मला मान्य नाही.

‘तीन धावांची आघाडी आणि एक इनिंग’ या आक्षेपात सर्वांत जास्त तथ्य आहे. सेव्ह म्हणजे आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावे होणारी नोंद. १९६९ पासून अधिकृत झालेल्या सेव्हच्या नियमानुसार, आघाडी तीन धावांहून जास्त नसताना शेवटची एक इनिंग टाकून विजय राखला तरी सेव्ह मिळतो. तीन धावांची आघाडी राखणे हे फार कठीण काम नाही, म्हणून रिव्हेराचे ६५२ सेव्ह हा विक्रम असला तरी मी त्याच्या थोरवीचा पुरावा म्हणून तो पुढे करणार नाही. पुरावा दुसरीकडे आहे. १,२८३ हून अधिक इनिंगमध्ये त्याची सरासरी २.२१ होती आणि तीही फलंदाजांचे राज्य असलेल्या काळात. मैदान आणि काळ यांचा हिशेब धरून ही सरासरी लीगच्या सरासरीशी ताडली, तर ती दुपटीहून सरस ठरते आणि १,००० इनिंगहून अधिक टाकलेल्या पिचरांत त्याच्यापुढे कोणीही नाही. धाव देणे वा न देणे हे आघाडी किती आहे त्यावर अवलंबून नसते.

मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत तर ‘एक इनिंग’ हे वर्णनच कोलमडते. तेथे त्याने ९६ सामन्यांत १४१ इनिंग टाकल्या, ०.७० ची सरासरी राखली आणि एवढ्या सगळ्यात फक्त दोन होमरन दिले: १९९७ मध्ये सँडी अलोमार ज्युनिअरला आणि २००० मध्ये जे पेटनला. या फेऱ्यांत समोर उत्तम संघच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्यातील एक रात्र मला सविस्तर सांगावीशी वाटते. १६ ऑक्टोबर २००३ रोजी बोस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेतील सातव्या आणि निर्णायक सामन्यात ५-५ अशी बरोबरी होती. म्हणजे राखायला आघाडी नव्हती आणि मिळवायला सेव्हही नव्हता. रिव्हेराने नववी, दहावी आणि अकरावी अशा तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या. अकराव्या इनिंगच्या उत्तरार्धात यांकीजच्या आरन बूनने सामना जिंकून देणारा होमरन मारला, तेव्हा सारा संघ बूनकडे धावला आणि रिव्हेरा मात्र पिचरच्या उंचवट्यावर जाऊन मातीत पालथा पडला. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

‘मोक्याच्या वेळी ढेपाळला’ म्हणणारे २००१ आणि २००४ ही वर्षे सांगतात. ही अपयशे खरी आहेत आणि ती झाकण्याचे कारण नाही. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला तीन बॅटर स्ट्राइकआउट केल्यावर, नवव्या इनिंगला त्याच्याच चुकीच्या फेकीने प्रतिस्पर्धी ॲरिझोना संघाला वाट मिळाली आणि लुईस गोन्सालेझच्या हलक्या फटक्याने विजेतेपद गेले. परंतु १४१ इनिंगमधील अशा मोजक्या घटना लोकांना तारीखवार पाठ आहेत, याचे कारणच हे की त्या विरळा होत्या.

‘एकच चेंडू’ हा आक्षेप तर उलट त्याच्या बाजूने बोलतो. १९९७ साली सहकारी पिचर रामिरो मेंडोझाबरोबर सराव करताना हाती लागलेला ‘कटर’ हा त्याचा चेंडू सरळ वेगवान चेंडूसारखाच येई आणि बॅटरपाशी पोहोचता पोहोचता काही इंच आडवा सरके, म्हणजे डावखुऱ्याच्या अंगाकडे आणि उजव्यापासून दूर. एरवी उजव्या हाताच्या पिचरला डावखुरे बॅटर जड जातात, पण रिव्हेराविरुद्ध तेच अधिक अडखळत, कारण चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागून बॅट मोडत असे. २०१३ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने निरोपादाखल त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची करून दिली. काय येणार हे ठाऊक असूनही १५ हून अधिक वर्षे ज्याला उत्तर सापडले नाही, त्या चेंडूला उणेपणा कसे म्हणावे?

बलाढ्य संघामुळे सेव्हच्या संधी वाढतात, एवढे मान्य. सरासरी त्याने घटत नाही. आणि हे काम कोणाही वेगवान पिचरला जमते, असे म्हणणाऱ्यांनी इतर क्लोजरांकडे पाहावे. एरिक गान्येने २००२ ते २००४ या काळात सलग ८४ सेव्ह केले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कोपर जायबंदी झाले. ब्रॅड लिजने २००८ च्या मोसमात एकही संधी दवडली नाही आणि २००९ मध्ये त्याची सरासरी ७.२१ वर गेली. दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण ताकदीने चेंडू टाकणारा हात फार काळ टिकत नाही. रिव्हेरा मात्र १९ मोसम खेळला. मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सरावात उंच झेल घेताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, आणि ४३ व्या वर्षी परतून त्याने २०१३ मध्ये ४४ सेव्ह आणि २.११ ची सरासरी नोंदवली.

राहता राहिला एकमताचा प्रश्न. हॉल ऑफ फेमची मतपत्रिका खेळाडूंना क्रम लावायला सांगत नाही. हा खेळाडू तेथे असावा की नाही, एवढेच ती विचारते. २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतदारांनी होकार दिला, याचा अर्थ रिव्हेरा रूथपेक्षा मोठा ठरला, असा होत नाही. १९३६ मध्ये रूथला २२६ पैकी २१५ मते पडली. त्यावर कोणाला अन्याय म्हणायचे असेल तर मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन, पण तो जाब त्या वर्षी रूथचे नाव न लिहिणाऱ्या ११ मतदारांना विचारावा लागेल, रिव्हेराला नव्हे.